गरम बाजू

१

सापाची पेटी लावणं काही अवघड काम नाही, असं आचल म्हणायची. तीन फूट लांब, दीड फूट रुंद काचेची पेटी. डाव्या अर्ध्या भागाखाली विजेवर तापणारी रबरी चटई, ती गरम बाजू. उजवीकडे खाली काही नाही, ती थंड बाजू. गरम बाजूला मडक्याचं अर्धं भकल पालथं घातलेलं, कडेला सापाला शिरण्यापुरता टवका उडालेला. थंड बाजूला घरावरचं एक जुनं कौल. मध्ये पाण्याचं पसरट मातीचं भांडं. खाली चार बोटं जाड नारळाचा भुसा. मडक्याच्या आत एक वायर जाते आणि तिच्या टोकाला मण्याएवढा सेन्सर असतो. आतली ऊब कमी झाली की चटई आपोआप चालू होते, पुरेशी झाली की बंद. सापाला थंडी वाजली की तो डावीकडे जातो, उकडलं की उजवीकडे.

काचेवर तिच्या अक्षरात चिठ्ठी होती. गरम बाजू ३२. थंड बाजू २६. ओलावा ६०. आणि खाली, बाबा, विसरायचं नाही.

मी विसरणारा माणूस नाही. सव्वीस वर्षं सालेकश्यात तेंदूपत्त्याच्या गोदामावर मुन्शी आहे. पानात ओलावा किती हे मला मीटरशिवाय कळतं, पुडा नुसता हातात घेतला की पुरे. कोरडं पान भरताना तुटतं, ओलं पान आतून कुजतं. मधला बिंदू हाताला सापडावा लागतो. तेव्हा दोन हात लांबीच्या एका सापाला ऊब आणि ओलावा पुरवणं मला जड जायला नको होतं. साप आफ्रिकेतल्या जातीचा, बिनविषारी, भित्रा, घाबरला की अंगाचा चेंडू करून बसणारा. आचलने तो नागपूरहून रीतसर कागदपत्रांसह आणला होता आणि त्याचं नाव गुड्डू ठेवलं होतं. गावातले लोक बघायला यायचे आणि पेटीपासून चार हात लांब उभे राहून नमस्कार करून जायचे.

आचल गेल्यानंतर पेटी कायमची माझ्याकडे आली. पहिले आठ-दहा दिवस सगळं ठीक होतं. मग एका सकाळी पेटीच्या मीटरवर गरम बाजू चोवीस दिसली. चटईखाली हात घातला तर चटका बसला. चटई तापत होती, थांबायचं नाव घेत नव्हती, आणि तरी मडक्याच्या आत चोवीसच होते. साप थंड बाजूला, कौलाखाली गोळा होऊन पडला होता. डिसेंबरची थंडी होती. आमच्याकडे डिसेंबरात पारा आठावर येतो. त्या थंडीत गरम बाजू सोडून साप कौलाखाली का बसला असेल, हे मला कळेना. बिघाड असणार, असं म्हणून मी चहा प्यायला गेलो.

२

आचलला सिकलसेल होता. माझ्या रक्तात अर्धा, रुख्माच्या रक्तात अर्धा, तिच्यात तो पूर्ण झाला. आमच्या भागात हे नवीन नाही. डॉक्टरांचं सांगणं लहानपणापासून एकच, थंडी लागू द्यायची नाही आणि पाणी सतत प्यायचं. थंडी लागली की तिच्या हातापायांत कळा सुरू व्हायच्या. उशाशी कायम तांब्या भरलेला. तिची नखं पिवळट, डोळे पिवळट. शाळेतल्या पोरी चिडवायच्या, तर ही म्हणायची, मी सोन्याची आहे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती गोंदियाहून सुट्टीला घरी आली होती. एका संध्याकाळी लाईट गेली ती आलीच नाही. घरात गरम पाण्याची रबरी पिशवी एकच. मी ती भरून तिच्या पायाशी ठेवायला गेलो.

"बाबा, गुड्डूच्या पेटीत ठेवा," ती म्हणाली.

"अन तुले?"

"मले गोधडी आहे. त्याले काय आहे?"

मी ऐकलं. बाप म्हणून दटावायला हवं होतं, पण मी पिशवी पेटीत ठेवली. पहाटे तिच्या छातीत कळ आली. गाडी दाराशी येईपर्यंत सगळं संपलं होतं. तिचा हात माझ्या हातात होता आणि तो इतका गार होता की तो गार आधी झाला आणि जीव नंतर गेला, असं मला आजही वाटतं.

आमच्याकडे दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी, माणूस जिथे गेलं त्या जागी पीठ चाळून पसरतात, शेजारी दिवा ठेवतात आणि वर टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलून पाहायचं. ज्याचा माग पिठात उमटला, त्या जन्माला माणूस गेलं. चिमणीची पावलं दिसली तर चिमणी, गाईचा खूर दिसला तर गाय. मी शिकलेला आहे, माझा यावर विश्वास नाही. पण रुख्माने नऊ दिवसांत अन्नाला तोंड लावलं नव्हतं. "माझी पोर कुठं गेली तेवढं समजू द्या, मंग जेवतो," एवढंच ती बोलायची.

सकाळी ती उठायच्या आधी मी टोपली उचलली. पिठात काही नव्हतं. एका कडेला पाच बारीक खळगे तेवढे होते, टोपलीच्या कामट्या टेकल्या असतील. मी तळव्याने ते सारखे केले. मग बोट टेकवलं आणि पिठातून एक नागमोडी रेघ ओढली. उजवीकडे दिवा होता, म्हणून शेवटी ती डावीकडे वळवली. बोट धोतराला पुसलं आणि टोपली परत झाकली.

रुख्माने पाहिलं आणि ती ओरडलीच. "साप! अवो, साप झाली माही आचल! घरातच आहे!" ती पेटीकडे धावली, काचेला गाल लावून रडली, आणि दुपारी दोन भाकरी खाल्ल्या.

मला वाटलं, मी चांगलं काम केलं.

३

बिघाड शोधायची माझी एक पद्धत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी सेन्सर बदलला. चोवीस. मग चटई बदलली, नवी आणली. तेवीस. पेटीखाली धानाचा कोंडा भरून पोतं घातलं, म्हणजे ऊब जमिनीत जाणार नाही. मागच्या आणि बाजूच्या काचेला बाहेरून बारदाना बांधला. एवढ्याने गोदामातली थंडीसुद्धा अडते. मडक्याच्या आत बावीस आले. भुशात हात घातला तर मडक्याबाहेर तो छान कोमट होता. मडक्याच्या टवक्याशी हात नेला की बोटांना गारवा लागायचा. आत जाणारी ऊब आतच कुठेतरी नाहीशी होत होती.

पाण्याचंही तसंच. संध्याकाळी भांडं काठोकाठ भरायचं, सकाळी कोरडं ठणठणीत. एवढं पाणी उडालं तर हवा ओली व्हायला पाहिजे, काचेवर दव धरायला पाहिजे. मीटर ओलावा चाळीस दाखवायचा, आणि भुसा बोटांत चुरला जायचा. ओलावा असा हरवत नाही. पानात नसेल तर हवेत असतो, हवेत नसेल तर भिंतीत. सव्वीस वर्षांत तो कुठे गेला हे मला सापडलं नाही असं एकदाही झालं नव्हतं.

एका दुपारी मी पेटीशेजारी बसून पेपर वाचत होतो. घोट घेतल्याचा आवाज आला. एक, मग थांबून दुसरा. तहानलेलं माणूस भराभर पितं तसा नाही, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून कंटाळत कंटाळत पितात तसा. साप पाणी पितोय म्हणून मला बरं वाटलं. मी पेपर खाली केला.

साप कौलाखाली होता. त्याची शेपटी आणि डोकं दोन्ही मला दिसत होतं. भांड्यातलं पाणी हलत होतं.

मालगाडी गेली असेल. आमचं घर रुळांपासून दूर नाही, गाडी गेली की फडताळातली भांडी वाजतात. मी स्वतःला हे नीट समजावून सांगितलं आणि पेपर उचलला. पण भांडी वाजल्याचं मला आठवत नव्हतं.

४

साप खाईना. गार पडलेल्या सापाला अन्न पचत नाही, म्हणून तो खातच नाही. तीन आठवडे झाले. पाठीचा कणा वर दिसायला लागला. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायची आणि नाकाशी फेसाचा बुडबुडा यायचा.

रुख्मा, जी एके काळी मेलेल्या उंदराचं नाव काढलं तरी पदर नाकाला लावायची, ती आता स्वतः उंदीर कोमट पाण्यात ठेवून, चिमट्याने धरून कौलाशी धरायची.

"खाय वो बाई. थोडसंच खाय. पाय, मी आनलं."

साप तोंड फिरवायचा.

"अशीच करे," रुख्मा मला म्हणायची. "दुखनं वाढलं का जेवनावर रुसे. तुमाले आठवते ना?"

"आठवते."

"मंग ते गरम काऊन नाही होऊन राहिलं? एवढं पोरीनं लिहून ठेवलं. तुमाले एक पेटी तापवता येत नाही?"

तिच्या आवाजात पूर्वीची धार परत आली होती, ती जेवत होती, वेणी घालत होती. हा साप जगला तर ती जगणार होती. तो मेला तर तिची मुलगी दुसऱ्यांदा मरणार होती, आणि या वेळी ती सावरणार नाही हे मला स्वच्छ दिसत होतं. एका रेघेच्या पायी मी तिचा सगळा जीव त्या पेटीत नेऊन ठेवला होता.

रात्री ती झोपेत बोलायची. दिवसा मी पेटीपुढे बसायचो. साप मडक्याकडे जातो का ते पाहायचो. दोनदा मी त्याला उचलून मडक्याच्या टवक्याशी ठेवलं. दोन्ही वेळा त्याने जीभ आत घातली, थांबला, आणि घाईने मागे सरला. आत आधीच कोणी असलं की साप शिरत नाही. हे आचलनेच मला एकदा सांगितलं होतं.

मी मडकं उचलून पाहिलं. आत काही नव्हतं. भुसा दाबल्यासारखा होता, एवढंच. मडक्याच्या कडेला, आतल्या अंगाने, भुशात पाच खळगे होते. मी मडकं जागेवर ठेवलं.

५

मग मी रुचीला फोन केला. रुची ही आचलची गोंदियातली मैत्रीण, प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते. सकाळच्या गाडीने आली. पोरगी कामाची, बोलायला फटकळ.

"काका, टेन्शन मत लो. सेन्सरची जागा चुकली असेल, दुसरं काही नाही."

तिच्याकडे लांबून ताप मोजायचं यंत्र होतं, पिस्तुलासारखं. तिने चटईवर धरलं, एक्केचाळीस. भुशावर, चौतीस. मडक्यावर बाहेरून, तीस. टवक्यातून आत धरलं, एकवीस.

"ऐसा कैसे?" ती म्हणाली आणि तिने टवक्यातून मनगटापर्यंत हात आत घातला.

हात तिने लगेच काढला नाही. मला तिचा अर्धा चेहरा दिसत होता. तो आधी विचारात पडलेला होता, मग त्याच्यावरून विचार निघून गेला. तिने हात हळूहळू बाहेर घेतला, कोणाच्या तरी मुठीतून बोटं एकेक करून सोडवून घ्यावी तसा.

"काय आहे वो?" रुख्माने दारातून विचारलं.

"काही नाही काकू. माती थंड आहे."

तिने सापाला तपासलं, औषध दिलं, छातीत सर्दी आहे म्हणाली. दवाखान्यातून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यात तिने माझी जुनी चटई घातली, सेन्सर लावला, सापाला त्यात ठेवलं. दहा मिनिटांत बत्तीस. तीच चटई, तीच खोली. रुख्मा हसली. महिनाभरानंतर मी तिला हसताना पाहिलं. रुचीने चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि तो तसाच निवेपर्यंत धरून ठेवला, प्यायली नाही.

स्टेशनवर सोडायला गेलो तेव्हा ती उजवा हात बगलेत दाबून उभी होती.

"काका, ती काचेची पेटी बंद करून टाका," ती म्हणाली. "कशाला बिनकामाची चालू ठेवायची."

"करतो."

गाडी आली. ती चढली, मग दारात वळली. तिचे डोळे भरले होते.

"नाही काका, बंद नका करू. चालूच राहू द्या."

आत तिच्या हाताला काय लागलं ते मी विचारलं नाही. मला ऐकायचं नव्हतं.

घरी आल्यावर रुख्मा म्हणाली, "रिकाम्या पेटीले कायले लाईट जाळून राहिले?" मी बटण बंद केलं. पाणी मात्र भरत राहिलो. सवय म्हणा. सकाळी भांडं कोरडंच असायचं.

६

पौषात अवकाळी पाऊस आला, गारांसकट. झाडं पडली, तारा तुटल्या, लाईट गेली. पहिला दिवस आणि पहिली रात्र रुख्मा चुलीजवळून हलली नाही. प्लास्टिकच्या बाटल्या गरम पाण्याने भरायच्या, फडक्यात गुंडाळून सापाच्या खोक्यात ठेवायच्या. बाटली तासाभरात निवते. रबरी पिशवी चार तास टिकते. पिशवी आणि बाटल्या आलटून पालटून तिने त्याला जगवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ती थकून गेली. डोळे लाल झाले होते.

"मी जरासी पडतो. पिसवी आता भरून ठेवा, अन लक्ष ठेवा. झोपू नोका."

"नाही झोपत."

"आचलच्यान?"

"आचलच्यान," मी शपथ घेतली. ती भिंतीकडे तोंड करून लगेच झोपली.

मी पिशवी भरली आणि आतल्या खोलीत गेलो. खिडकीतून राखी उजेड येत होता. सापाचं खोकं डाव्या हाताला, काचेची पेटी उजव्या हाताला. पेटीचं मीटर सेलवर चालतं, त्यामुळे ते चालू होतं. गरम बाजू, नऊ. नऊ म्हणजे खोलीपेक्षाही कमी. खोलीत चौदा तरी असतील.

पेटीत मडकं हलत होतं.

फार नाही. कुडकुडणाऱ्या माणसाच्या अंगावरची गोधडी हलते तेवढंच. त्याची कड भुशावर बारीक बारीक आपटत होती. मालगाडी नव्हती, रूळ तेव्हा बंद होते. मी किती तरी वेळ दुसरं कारण शोधलं. मला ते सापडलं नाही.

मी पेटीचं झाकण काढलं आणि पिशवी मडक्याच्या टवक्याशी ठेवली. मडकं थांबलं. दहा मिनिटांनी पिशवी उचलली तर ती गार होती. उकळतं पाणी होतं त्यात. ते विहिरीच्या पाण्याइतकं गार झालं होतं. मीटरवर पंधरा.

आकडा हलला होता. महिनाभर मी चटया बदलल्या, कोंडा भरला, बारदाना बांधला, तेव्हा तो फक्त उतरत गेला होता. आज पहिल्यांदा तो वर चढला होता. मी चुलीकडे गेलो, पिशवी परत भरली. वीस. परत भरली. सव्वीस. सापाचं खोकं माझ्या पायाशी होतं, मी त्याला ओलांडून जात होतो, हे मला माहीत होतं. कोणी म्हणेल भान हरपलं होतं. नव्हतं. मी पाहून सवरून ओलांडत होतो. एकदा मी पिशवी चुकीच्या जिवाला दिली होती आणि आता ती बरोबर जागी देत होतो, एवढीच गोष्ट माझ्या डोक्यात होती.

चौथ्यांदा भरलेली पिशवी मी टवक्याशी ठेवली आणि हात काढला नाही. मीटर एकोणतीस झालं, तीस झालं. ओलावा चढला, पंचावन्न, साठ. काचेवर आतून दव धरलं. बत्तीस.

मग पिशवी माझ्या हाताखालून आत ओढली गेली. जरा, अंगाशी घ्यावी एवढीच. आणि मडक्याच्या कडेखाली मला बोटं दिसली. चार वर, अंगठा खाली. नखं पिवळट होती.

मी हाक मारली नाही. मारायला हवी होती. बोटं आत गेली, आणि भुशावर पाच खळगे राहिले, चार एका ओळीत, एक जरा खाली. पिठात होते तसेच. मी तळव्याने सारखे केले होते तसेच.

७

साप खोक्यात काठीसारखा ताठ झाला होता. रुख्मा उठली तेव्हा मी त्याला मांडीवर घेऊन बसलो होतो.

ती काय बोलली ते सगळं लिहिण्यात अर्थ नाही. "तुमी झोपले," ती म्हणाली. "आचलच्यान म्हनून झोपले." मी हो म्हणालो. झोपलो असं कबूल करणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी लाईट आली. मी काचेच्या पेटीचं बटण चालू केलं, मडक्यावर गोधडीचा तुकडा घातला, भांडं भरलं. रुख्माने परत अन्न सोडलं.

दहाव्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी ती उठली, पीठ चाळलं आणि त्याच जागी पसरलं. सापासाठी कोणी असं करत नाही. पण तिला सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. या वेळी तिने दिवा डावीकडे ठेवला, टोपली झाकली आणि रात्रभर मला हाताला धरून ठेवलं. मी झोपलो नाही. ती उठली नाही, मी उठलो नाही. हे मी शपथेवर सांगतो, माझ्या शपथेला आता कोणी किंमत देत असेल तर.

मी ठरवलं होतं. पिठात काही नसेल तर नसेल. मी हात लावणार नाही, आणि तिला खरं ते सांगून टाकणार.

सकाळी तिने टोपली उचलली.

पिठात नागमोडी रेघ होती. बोटाच्या जाडीची, सुरुवातीला खोल, पुढे उथळ. शेवटी ती डावीकडे वळली होती, थेट दिव्याच्या बुडाखाली. सापाला उजवी बाजू मोकळी होती. पण मी दिवा चुकवण्यासाठी डावीकडे वळलो होतो आणि जिने ते पाहिलं होतं, तिने जसंच्या तसं काढलं होतं. आईसाठी. मले गोधडी आहे, म्हणणाऱ्या पोरीने आईला जे हवं ते काढून दिलं होतं.

कडेला पाच खळगे होते. चार एका ओळीत, एक जरा खाली.

"आली!" रुख्माचा आवाज फाटला. "पाय, परत सापच! माही पोर मले सोडून जात नाही!" ती रडत होती आणि हसत होती. "तुमी आजच नागपूरले जा. दुसरा आना. अस्साच आना." मग तिची नजर कडेला गेली. "हे काय? टोपलीचे वळ उमटले वाटते."

आणि तिने तळव्याने ते सारखे केले.

मी तिचा हात धरू शकलो असतो. एका वाक्याचं काम होतं. पण मग तिला कळलं असतं की महिनाभर ती एका सापाला घास भरवत होती, आणि तिची लेक तिथेच, हातभर अंतरावर, मडक्याखाली थंडीने काकडत होती. असं कोणत्या आईला सांगायचं असतं? मी मान हलवली आणि हो म्हणालो.

"भाकरी टाकतो," ती म्हणाली. "तुमी बी खा. मंग गाडीले जा."

ती चुलीकडे गेली. मी आतल्या खोलीत गेलो. चटई तापून लाल व्हायची बाकी होती. भांडं कोरडं होतं. मीटरवर गरम बाजू सत्तावीस होती, मी पाहत असताना सव्वीस झाली, मग पंचवीस.

मी पिशवी घेतली आणि चुलीवर भाकरीच्या आधी पाणी ठेवायला सांगितलं.

"आता कोनासाठी?" रुख्माने विचारलं.

"मले थंडी वाजून राहिली," मी म्हणालो.